सापेरावी : जॉर्जियाचे रंगीत गराचे पारंपरिक द्राक्ष



शरद सीडलेसचा एक पिकलेला मणी घेऊन दोन बोटांत दाबून पाहा. साल काळीभोर असली तरी आतला गर पांढुरका निघतो आणि रसाला जवळजवळ रंग नसतो. जगातील बहुतेक काळ्या द्राक्षांचे असेच असते. रंग सालीत असतो, गरात नसतो. म्हणूनच लाल वाइन करताना रस सालीबरोबर काही दिवस ठेवावा लागतो. तो लगेच गाळून घेतला, तर काळ्या द्राक्षापासूनही फिकट वाइन तयार होते.

परंतु काही थोडे वाण असे आहेत की, ज्यांचा गरही लाल असतो. त्यांपैकी सर्वांत नावाजलेला वाण म्हणजे जॉर्जिया देशातील 'सापेरावी'. जॉर्जियन भाषेत या शब्दाचा अर्थच 'रंग देणारे' असा होतो. हा वाण तेथे शेकडो वर्षांपासून लावला जातो. त्याच्यावर रोगाचे, राज्यकर्त्यांच्या धोरणाचे आणि बाजारपेठेचे असे तिन्ही प्रकारचे आघात झाले. तरीही तो टिकला आणि आज त्या देशाची ओळख बनला आहे. हे कसे घडले, ते प्रत्येक द्राक्ष बागायतदाराने समजून घेण्यासारखे आहे.

देश आणि प्रदेश

जॉर्जिया हा काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील छोटा देश आहे. अमेरिकेतील त्याच नावाच्या राज्याशी त्याचा संबंध नाही. उत्तरेस कॉकेशस पर्वताची उंच रांग, दक्षिणेस तुर्कस्तान आणि आर्मेनिया, तर आग्नेयेस अझरबैजान अशा त्याच्या सीमा आहेत. १९९१ पर्यंत हा देश सोव्हिएत संघाचा भाग होता.

द्राक्षशेती येथे किती जुनी आहे, याचा पुरावा जमिनीखाली मिळाला आहे. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर गदाच्रिली गोरा व शुलावेरिस गोरा या ठिकाणी उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांत द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे अंश आढळले. ही भांडी इसवी सनापूर्वी ६००० ते ५८०० या काळातील असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले आहे. म्हणजे सुमारे ८००० वर्षांपूर्वीही या भागात द्राक्षापासून वाइन होत होती. या छोट्या देशात द्राक्षाचे ५०० हून अधिक स्थानिक वाण नोंदलेले आहेत.

सापेरावीचे घर म्हणजे देशाच्या पूर्वेकडील काखेती हा प्रांत. अलाझानी नदीच्या रुंद खोऱ्यात, उत्तरेकडे बर्फाच्छादित कॉकेशस आणि दक्षिणेकडे गोंबोरीची डोंगररांग यांच्यामध्ये येथील बागा पसरल्या आहेत. देशातील बहुतांश वाइन-द्राक्ष या एकाच प्रांतात पिकते. उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन असते, तर रात्री डोंगराकडून थंड हवा उतरते. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते. वाइनच्या द्राक्षाला नेमके हेच हवे असते.

वाणाची ओळख

१. घड व मणी : घड मध्यम आकाराचा, शंकूसारखा आणि काहीसा सुटा असतो. मणी मध्यम, किंचित लांबट, गर्द निळा-काळा असून त्यावर भरपूर लव असते. मण्यात बी असते. गर व रस लालसर असतो.

२. पक्वता : हा उशिरा तयार होणारा वाण आहे. काखेतीत त्याची काढणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबरमध्येही चालते.

३. साखर व आम्लता : चांगल्या बागेत साखर २२ ब्रिक्सच्या पुढे जाते. विशेष म्हणजे साखर वाढत असतानाही आम्लता पुरेशी राहते. त्यामुळे याची वाइन वर्षानुवर्षे साठवता येते.

४. थंडी : हिवाळ्यातील कडाक्याची थंडी हा वाण बऱ्यापैकी सोसतो. म्हणून सोव्हिएत काळात थंड प्रदेशासाठी नवे संकरित वाण काढताना सापेरावीचा पालक म्हणून उपयोग केला गेला.

५. रोग : केवडा व भुरी या रोगांपासून त्याचे संरक्षण करावेच लागते. काखेतीत मे-जून हे जास्त पावसाचे महिने असल्याने त्या काळात बोर्डो मिश्रण आणि गंधकाच्या फवारण्यांवर शेतकऱ्याचे विशेष लक्ष असते.

गारपीट हा तेथील बागायतदाराचा मोठा शत्रू आहे. जुलै २०१२ मध्ये तेलावी परिसरात वादळ व गारपिटीने बागांचे फार मोठे नुकसान केले. २०१५ पासून काखेतीत गारांच्या ढगांवर रॉकेट सोडण्याची यंत्रणा उभारण्यात आली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी आपल्या बागेत पाहिली आहे, त्यांना या संकटाबद्दल वेगळे सांगायला नको.

जमिनीत पुरलेले रांजण

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आपल्याला माहीत आहेत. जमिनीखाली हवा कमी, तापमान स्थिर आणि किडीचा उपद्रव कमी, म्हणून हळद त्यात दीर्घकाळ टिकत असे. जॉर्जियातील शेतकऱ्याने हेच तत्त्व वाइनसाठी वापरले. अंड्याच्या आकाराचा, खाली निमुळता होत गेलेला मातीचा मोठा रांजण तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरतो. या रांजणाला 'क्वेव्री' म्हणतात आणि तो जेथे पुरला जातो त्या खोलीला 'मरानी' म्हणतात.

क्वेव्री चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक लावत कारागीर ती कित्येक आठवडे वाढवीत नेतो. वाळल्यावर ती भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच आतून मधमाशांच्या मेणाचा हात देतात. मेणामुळे मातीची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि आतला भाग धुण्यास सोपा जातो. काही क्वेव्री लहान असतात, तर काहींत हजारो लिटर रस मावतो.

लाल वाइन करण्याची पद्धत पुढीलप्रमाणे आहे :

• काढलेली द्राक्षे लाकडी डोणीत पायांनी तुडवितात. रस, साली व बिया क्वेव्रीत भरतात.

• द्राक्षावरील नैसर्गिक किण्वामुळे (यीस्ट) एक-दोन दिवसांत रस आंबू लागतो. साखरेचे रूपांतर मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायूत होते. वायूमुळे साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. हा थर दिवसातून तीन-चार वेळा काठीने खाली दाबावा लागतो. तसे न केल्यास साली वाळून त्यावर बुरशी येते आणि माल आंबट होतो.

• आंबण्याची क्रिया संपत आली की वाइन सालीपासून वेगळी करून दुसऱ्या स्वच्छ क्वेव्रीत भरतात. तोंडावर झाकण ठेवून मातीने लिंपून घेतात आणि वसंतापर्यंत तिला हात लावत नाहीत.

निमुळत्या बुडाचा फायदा असा की, बिया प्रथम तळाशी जाऊन बसतात आणि त्यांच्यावर गाळाचा थर साचतो. त्यामुळे बियांचा कडवटपणा वाइनमध्ये फारसा उतरत नाही. भोवतालच्या मातीमुळे तापमान थंड व स्थिर राहते, त्यासाठी वीज लागत नाही.

या सर्व कामात सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे स्वच्छता. रिकामी क्वेव्री चेरीच्या सालीपासून केलेल्या ब्रशने घासतात, पुन्हा पुन्हा धुतात आणि गंधकाची धुरी देतात. एका क्वेव्रीत दोष राहिला, तर वर्षाचे कष्ट वाया जातात. ही पारंपरिक पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली.

काढणीचा सण

द्राक्षकाढणीला जॉर्जियात 'रत्वेली' म्हणतात. शहरात नोकरीला गेलेली मुले, पाहुणे, शेजारी असे सर्वजण त्या दिवसांत गावी येतात. सुगीच्या दिवसांत आपल्याकडे खळ्यावर जशी सर्वांची लगबग असते, तशीच ती वेळ असते. दिवसभर काढणी चालते आणि संध्याकाळी एकत्र जेवण व गाणी होतात. ग्रामीण भागात आजही असंख्य कुटुंबे घरापुरती वाइन घरीच करतात.

कोणताही भाग वाया घालवायचा नाही, ही तेथील रीत घेण्यासारखी आहे. ताज्या रसात पीठ घालून तो आटवितात. दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडाच्या किंवा हेझलनटच्या माळा त्या दाट रसात बुडवून वाळत टाकतात. या पदार्थाला 'चुर्चखेला' म्हणतात. तो महिनोन्महिने टिकतो. पूर्वी प्रवासाला व लढाईला निघालेले लोक तो शिदोरी म्हणून नेत. उरलेल्या चोथ्यापासून 'चाचा' नावाचे ऊर्ध्वपातित मद्य काढतात.

द्राक्षवेलीला तेथे धार्मिक स्थानही आहे. चौथ्या शतकात जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनो यांचा क्रूस द्राक्षाच्या काड्यांचा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या केसांनी बांधला होता, अशी आख्यायिका आहे. काखेतीतील अलावेर्दी मठात भिक्षू आजही क्वेव्रीत वाइन करतात.

गावाच्या नावाने ओळख

एकाच सापेरावी द्राक्षापासून वेगवेगळ्या गावांत वेगळ्या प्रतीची वाइन होते आणि ती त्या गावाच्या नावाने विकली जाते. मुकुझानी परिसरातील वाइन कोरडी, म्हणजे साखर न उरलेली असते व ती ओकच्या पिंपात मुरवितात. क्वारेली भागातील 'किंदझमराउली' ही निमगोड असते. तिच्यात आंबण्याची क्रिया थंडाव्याने मध्येच थांबवितात, त्यामुळे द्राक्षाचीच काही साखर शिल्लक राहते.

ही नावे कोणालाही वापरता येत नाहीत. ठरलेल्या हद्दीतील बाग, ठरलेला वाण आणि हेक्टरी उत्पादनाची ठरलेली मर्यादा पाळावी लागते. बागांची सरकारी नोंद ठेवली जाते. आपल्याकडे निर्यातीसाठी ग्रेपनेटवर बागेची नोंदणी असते, त्याच प्रकारची ही व्यवस्था आहे. नोंदलेल्या बागेत जेवढे द्राक्ष पिकू शकते, त्यापेक्षा जास्त माल त्या नावाने बाजारात येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

तीन मोठे आघात

पहिला आघात किडीचा. अमेरिकेतून युरोपात आलेली फायलोक्सेरा ही मुळांवरील कीड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्जियात पोहोचली. स्वतःच्या मुळावर वाढणाऱ्या जुन्या बागा वाळू लागल्या. अमेरिकन जातींच्या खुंटावर कलम करणे हाच त्यावर उपाय ठरला. ज्या वाणांची कलमे झाली ते वाचले, ज्यांची झाली नाहीत त्यांतील कित्येक मागे पडले.

दुसरा आघात धोरणाचा. सोव्हिएत काळात सामुदायिक शेती आली. मोठ्या कारखान्यांना एकसारखा आणि भरपूर माल हवा होता. त्यामुळे पांढऱ्यात रकात्सितेली आणि काळ्यात सापेरावी अशा मोजक्या वाणांवर भर देण्यात आला व शेकडो स्थानिक वाण घराच्या परड्यापुरते उरले. कारखान्यांत क्वेव्रीला स्थान राहिले नाही. पुढे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या राजवटीत मद्यविरोधी मोहीम सुरू झाली आणि अनेक ठिकाणी उभ्या बागा उपटण्यात आल्या. बाग उभी राहायला तीन-चार वर्षे लागतात, उपटायला एक दिवस पुरतो.

तिसरा आघात बाजारपेठेचा. स्वातंत्र्यानंतरही जॉर्जियाची बहुतेक वाइन रशियातच जात होती. खात्रीचे गिऱ्हाईक असल्याने प्रतीकडे दुर्लक्ष झाले, बनावट मालही वाढला. मार्च २००६ मध्ये रशियाने गुणवत्तेचे कारण देऊन जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली. दोन्ही देशांतील राजकीय तणावही त्यामागे होता. दोन वर्षांत निर्यात निम्म्याहून खाली आली. वाइनचे द्राक्ष बियांचे आणि लहान मण्यांचे असते, ते खाण्यासाठी विकले जात नाही. कारखान्याने उचलले नाही तर त्याला दुसरी वाट नसते. काखेतीतील शेतकऱ्याने तो काळ मोठ्या हलाखीत काढला.

असा अनुभव आपल्यालाही आलेला आहे. २००८ नंतर वाइन उद्योगात मंदी आली, तेव्हा नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांची वाइन-द्राक्षे पडून राहिली आणि कित्येकांना बागा उपटाव्या लागल्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात आपल्या खाण्याच्या द्राक्षांची अडवणूक झाली, तेव्हाही एकाच बाजारपेठेवर विसंबून राहण्याचा धोका दिसून आला.

पुन्हा उभारी

बंदीनंतर जॉर्जियाला नव्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या. परंतु पोलंड, चीन, जपान किंवा अमेरिकेतील ग्राहकाला जॉर्जियाची वाइन का घ्यावी, हे सांगावे लागणार होते. कॅबरने किंवा मर्लो जगभर पिकते, त्यात स्पर्धा मोठी. जॉर्जियाजवळ इतरांकडे नसलेल्या दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे स्वतःचे वाण आणि दुसरी म्हणजे क्वेव्री. कारखान्यांनी टाकून दिलेली ही पद्धत शेतकऱ्यांच्या घरांत व मठांत जिवंत राहिली होती. तीच आता भांडवल ठरली.

अवशेष तपासणी, प्रयोगशाळा आणि बाटलीबंद मालाची दर्जा-तपासणी यांवर भर देण्यात आला. लहान शेतकरी कुटुंबे स्वतःच्या नावाने बाटल्या भरू लागली. मागे पडलेले स्थानिक वाण पुन्हा गोळा करून तिबिलिसीजवळील जिघाउरा येथील शासकीय संग्रहात लावण्यात आले आणि तेथून शेतकऱ्यांना लागवडीचे साहित्य मिळू लागले. २०१३ मध्ये रशियाची बाजारपेठ पुन्हा उघडली. कालांतराने रशियाच पुन्हा सर्वांत मोठा ग्राहक बनला. जुना धोका पूर्णपणे टळला, असे म्हणता येणार नाही. मात्र पूर्वी एकच दार होते, आता इतर अनेक देशांची दारे उघडी आहेत, हा फरक लहान नाही.

हा वाण आपल्याकडे लावावा काय ?

हा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. उत्तर देताना घाई करू नये. जॉर्जियात वेल हिवाळ्यात पूर्ण विश्रांती घेतो, एकच छाटणी होते आणि फळ शरद ऋतूच्या थंडाव्यात पिकते. आपल्याकडे वेलीला तशी विश्रांती नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी करून आपण पीक घेतो आणि मणी पिकताना ऊन वाढत जाते. उशिरा तयार होणारा वाण आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडण्याची शक्यता आहे. मुळात आम्लता जास्त असणे ही त्याची जमेची बाजू असली तरी अनुमानावर बाग लावायची नसते. स्थानिक चाचण्यांचे निष्कर्ष आणि खरेदीदाराचा लेखी करार हाती असल्याशिवाय वाइनच्या कोणत्याही नव्या वाणाची लागवड करू नये. परदेशातून काड्या परस्पर आणणे बेकायदेशीर आहे आणि त्यातून नवीन रोग-किडी आपल्या भागात शिरण्याचा धोका असतो.

बागायतदारांनी लक्षात ठेवण्यासारखे

१. वाणाची शुद्धता जपा. काड्या घेताना मातृवेल पाहा, त्याची नोंद ठेवा. आपल्या भागात जुने, वेगळे वेल असतील तर ते तोडण्यापूर्वी कृषि विद्यापीठाला किंवा मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला कळवा. शरद सीडलेस हा वाणदेखील सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या एका शेतकऱ्याला किशमिश चोर्नी या वाणाच्या बागेत आढळलेल्या वेगळ्या वेलीतूनच पुढे आला.

२. एका गिऱ्हाइकावर विसंबू नका. सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली किंवा एकाच करारावर ठेवू नका. निर्यात, स्थानिक बाजार व बेदाणा यांचा मेळ घाला.

३. उत्पादनाला मर्यादा ठेवा. वेलीवर झेपतील तेवढेच घड राखा. नाव कमावणारा माल जादा घडांतून येत नाही.

४. भौगोलिक नावाचे मोल ओळखा. गावाचे नाव मालाला लागले की त्या नावाखाली येणारी प्रत्येक पेटी सर्व गावाची जबाबदारी असते. एकाच्या हलक्या मालाने सर्वांचा भाव पडतो.

५. दुय्यम उत्पादने करा. डागी व सुट्या मण्यांपासून बेदाणा, रस, मनुका-पाक अशी उत्पादने गटाने तयार केल्यास वाया जाणाऱ्या मालाचे पैसे होतात.

काखेतीतील शेतकऱ्याने आजोबांचा वेल आणि आजोबांचा रांजण टाकून दिला नाही. सगळे कारखान्याच्या मागे धावत होते, तेव्हाही त्याने परड्यात चार वेल व घराच्या आत एक क्वेव्री राखली. बाजार बंद झाला त्या दिवशी हाती तेवढेच होते आणि पुढची उभारी त्यातूनच झाली. आपल्या बागेच्या बांधावर, परसात किंवा शेजारच्या गावात असे काय शिल्लक आहे, याची या हंगामात एकदा पाहणी करावी आणि आढळलेल्या वेलींची नोंद करून ठेवावी.